उजव्या शाफ्टचा थेंब

“आईसाहेबांसाठी वर डेकवर खुर्ची मांडली आहे, शहाळंही सांगितलंय,” गुप्ते माझ्या मुलाला म्हणाले. “खाली इंजिनरूममध्ये तेल असतं, उकाडा असतो. त्यांनी कशाला त्रास घ्यायचा?”

ते माझ्याकडे पाहून बोलले नाहीत, म्हणून मीही त्यांच्याकडे पाहून उत्तर दिले नाही. मी मुकुंदाला म्हटले, “यांना सांग, शहाळं राहू द्या, वर आले की घेईन. आणि खाली जायचं झाकण उघडायला सांग.”

“आई, निदान साडी तरी...”

“काष्टा घातलेल्या बाईला शिडी उतरायला अडचण नसते. अडचण तुमच्या त्या ढगळ पाटलोणींना होते.”

माझ्या मागे उभ्या असलेल्या इब्राहिम वस्ताने तोंड फिरवून हसू लपवले. हा आमचा तांडेल. आमच्या लाँचच्या सुकाणूवर त्याचे केस पिकले होते आणि माझ्या बोलण्यावर हसण्याचा हक्क आमच्याकडे फक्त त्याला होता. त्याच्या पलीकडे माझी सून वृंदा हातात जुन्या चिंध्या आणि टॉर्च घेऊन उभी होती. ती हसली नाही. ती पाण्याकडे, बोटीच्या मागच्या बाजूकडे पाहत होती.

करंजाच्या धक्क्याला लागलेली ती मोटरयॉट दिसायला देखणी होती, हे मला कबूल केलेच पाहिजे. पांढरीशुभ्र, निमुळत्या नाकाची, पितळी कठड्यांची. मुंबईच्या कोणा धनिकाने हौसेने बाळगलेली; तो गेला आणि वारसांना बोट लागत असे, म्हणून विक्रीला काढलेली. गुप्ते हे त्यांच्या वतीने व्यवहार पाहणारे मध्यस्थ. इस्त्रीचे कपडे, काळा चष्मा, गोड वाणी.

आम्हाला ती हौसेसाठी नको होती. आमच्या सासऱ्यांपासून, म्हणजे तात्यांपासून, रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीवर शिरधनकरांची लाँच चालत आली होती. शाळेची मुले, बाजारच्या पाट्या, बाळंतिणी, नवरदेव, सारे आमच्याच फळीवरून उतरत. आता खाडीवर पूल होत होता. शेवटचे खांब उभे राहिले होते, पावसाळा सरला की गाड्या सुरू होणार होत्या. ज्या दिवशी पुलावरून पहिली एस. टी. जाईल, त्या दिवशी आमची लाँच रिकामी होईल आणि तिच्यावर जगणारी आमच्या खलाशांची घरेही. पर्यटकांना समुद्र दाखवण्याचा धंदा करायचा, हा मुकुंदाचा विचार. विचार चांगला होता. मात्र आमच्या ऐपतीत एकच बोट बसत होती. ती फसली असती तर दुसरी घ्यायला हाती काही उरले नसते.

ती शोधून काढली मुकुंदाने, तपासायला आले मी. सोबत आणली होती तात्यांची शिसवी काठी.

या काठीबद्दल सांगायला हवे. हातभर लांबीची, एका टोकाला बोथट, दुसऱ्या टोकाला कानात बसेल अशी वाटोळी घडवलेली. चालत्या इंजिनाच्या अंगावर एक टोक टेकवायचे, दुसऱ्याला कान लावायचा; आतले सारे काठीतून वर येते. तात्यांनंतर ती माझ्या यजमानांकडे आली आणि ते गेल्यावर माझ्याकडे. तिच्याबरोबर घरातला एक नियमही चालत आला. इंजिन चालू असेतो कोणी एक अक्षर बोलायचे नाही. ते बंद झाले की प्रत्येकाने आपले मत द्यायचे, पण वयाने सर्वांत धाकटा असेल त्याने प्रथम. ज्याच्या हाती काठी असेल तो सर्वांच्या शेवटी बोलणार, आणि त्याचा शब्द अखेरचा. तात्या म्हणत, थोरल्याने आधी तोंड उघडले की धाकट्याला जे ऐकू आलेले असते तेही तो विसरतो.

मी खाली उतरले. इंजिनरूम एखाद्या देवघरासारखी लखलखीत होती. दोन डिझेल इंजिने शेजारी शेजारी, ताज्या हिरव्या रंगाने रंगवलेली. तळाशी तेलाचा डाग नाही, पाण्याचा ओघळ नाही. मी काही न बोलता उजव्या इंजिनावर तळहात ठेवला. गार. डाव्यावर ठेवला आणि काढून घेतला.

“गुप्ते, याला ताप कशाने आला?”

शिडीच्या वरच्या पायरीवरून आवाज आला, “अहो, सकाळी बॅटरी चार्ज करायला जरा चालवलं होतं. तुम्ही येणार म्हणून सगळं तयार ठेवावं ना!”

“पाव्हणे यायच्या आधी मुलीला पावडर लावतात, तसं?”

“तसंच समजा,” ते हसले.

“मग पावडर उतरेपर्यंत आम्ही बसतो. गरम इंजिन कोणाचंही सुरू होतं. मला हे निजून उठताना पाहायचंय.”

मुकुंद खाली वाकून कुजबुजला, “आई, दुपारी गोव्याची पार्टी येते आहे बघायला. हे आपल्यासाठी थांबणार नाहीत.”

“गोव्याच्या पार्टीलाही गार इंजिन बघायला मिळेल. आपले उपकार होतील त्यांच्यावर.”

आम्ही धक्क्यावरच्या पिंपळाखाली जाऊन बसलो. घरून आणलेल्या भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी सोडली. गुप्त्यांनाही पानावर बोलावले. ते नको नको म्हणत बसले आणि दोन भाकऱ्या खाऊन गेले. मुकुंद घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होता. त्याच्या डोळ्यांपुढे त्या बोटीवर आमच्या नावाची पाटी लागलेलीही होती.

“इब्राहिमचाचा, तुम्हीच सांगा ना आईला,” तो म्हणाला. “अशी बोट पुन्हा मिळेल?”

“माजा नंबर येल तवा सांगीन,” इब्राहिम भाकरी मोडत म्हणाला. “तुज्या आजाच्या वक्ताला मी आदी बोललो व्हतो एकदा. तात्यांनी दिवसभर माज्याशी कट्टी धरलीन.”

वृंदा भांडी आवरत होती. ती आमच्या घरात येऊन काही वर्षे झाली होती. तिकिटे तीच पाहत असे, आणि दुपारी लाँच धक्क्याला असली की हळूच इंजिनात उतरत असे. मला ते माहीत होते. तिला वाटे, मला माहीत नाही. आजवर माझ्या शब्दापुढे तिने शब्द टाकला नव्हता. चांगल्या घरातल्या सुनेने टाकू नये, असेच मी तिला शिकवले होते.

ती मूळची संगमेश्वराकडची, भातगिरणीवाल्याची मुलगी. आम्ही पाहायला गेलो तेव्हा घरामागे गिरण चालू होती. वडील, मामा सारे माझ्याशी गप्पा मारत होते आणि ही खाली मान घालून पोह्यांच्या बशा देत होती. मध्येच तिने मान वर केली, “अप्पा, पट्टा सरकतोय,” म्हणाली, बशी तशीच माझ्या हातात देऊन मागच्या दाराने पळाली. घटकाभराने हातांना काळे लावून परत आली आणि लाजेने चूर झाली. वडील ओशाळले. मी त्यांना म्हटले, “साखरपुड्याचा मुहूर्त काढा.” नातेवाईक अजून समजतात की मला तिचा रंग आवडला.

ऊन कलायला लागले तेव्हा मी पुन्हा खाली गेले. डाव्या इंजिनाचे अंग आता पाण्यातल्या दगडासारखे गार होते.

“सुरू करा.”

इंजिन एकदा खोकले, दुसऱ्यांदा धरले. मागे पांढरट धूर निघाला आणि मी अंगावरचा पदर सारखा करेपर्यंत विरला. मी काठी लावली. आत सारे ठोके एका मापाचे पडत होते. उजवे सुरू केले, तेही तसेच. तेलाची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळून पाहिले. ते काळे होते, पण त्यात पाण्याचा दुधटपणा नव्हता, कणी नव्हती. बोट सुरेख होती. गुप्त्यांनी उगाच पावडर लावली होती. आणि ज्याने विनाकारण पावडर लावली, त्याने कारण असेल तिथे काय केले असेल, हा प्रश्न माझ्या मनात राहिला.

आम्ही करंजाच्या खाडीबाहेर पडलो आणि खांदेरीच्या दीपगृहाच्या रोखाने बोट सोडली. सुकाणूवर इब्राहिम, त्याच्या शेजारी मुकुंद, मागे गुप्ते. नियमाप्रमाणे आमच्यापैकी कोणी बोलत नव्हते. गुप्त्यांना नियम लागू नव्हता, म्हणून ते सर्वांच्या वाटचे बोलत होते.

मी आणि वृंदा खाली होतो. मी इंजिने सोडून मागे गेले, जिथे दोन्ही शाफ्ट बोटीच्या बुडातून समुद्रात जातात आणि बाहेर पंखे फिरवतात. त्या भोकातून समुद्र आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती ग्लँड असतो. त्यात चरबीत भिजवलेली दोरी ठासून भरतात आणि वरून नट आवळतात. मी दोन्हीकडे टॉर्च फिरवला. गुप्ते शिडीवरून डोकावले.

“पाहिलंत ना? आमच्याकडे पाण्याचा थेंब सापडायचा नाही!” ते अभिमानाने म्हणाले.

चालू इंजिनापुढे मी बोलणार नव्हते. मी फक्त मान हलवली, टॉर्च वृंदाच्या हाती दिला, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या पान्यांकडे एकदा पाहिले आणि शिडी चढून वर गेले. माझे शहाळे वाट पाहत होते.

वर वारा छान सुटला होता. मी खुर्चीत बसले, शहाळ्यात नळी घातली. मुकुंदाने इब्राहिमला हाताने खूण केली, वेग वाढवला. बोट उचलली गेली, नाकाशी पांढरे पाणी फुटू लागले. मुकुंदाचा चेहरा लहानपणी पहिल्यांदा लाँचचे सुकाणू धरले होते तेव्हासारखा झाला होता. गुप्त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि मग माझ्या तळपायांना ते कळले. आधी हलके कापरे, जणू कोणी खालून बोट नखाने खाजवतो आहे. मग धडधड वाढली. शहाळ्यातले पाणी थरथरू लागले. पितळी कठडा किणकिणला. इब्राहिमने झटकन माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही. गुप्त्यांचा हात मुकुंदाच्या खांद्यावरून आपोआप खाली आला.

“लाट आहे,” ते म्हणाले. “इथे नेहमी असते.”

समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता.

इब्राहिमने वेग उतरवला, बोट वळवली. धक्क्याला लागेपर्यंत कोणी बोलले नाही, गुप्तेसुद्धा. इंजिने बंद झाली तशी खालून वृंदा वर आली. कपाळावर काळा पट्टा, पदर कमरेला खोचलेला, उजवी मूठ मिटलेली, डाव्या हातात पाना.

मुकुंदाला राहवले नाही. “काय केलंस तू खाली? इतकी छान चालली होती बोट!”

“मुकुंदा,” मी म्हटले, “नियम.”

मी काठी मांडीवर आडवी घेतली. “आमच्यातली सर्वांत धाकटी माझी सून. वृंदा, बोल.”

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग बोलली ती बोटीकडे पाहून.

“उजवा ग्लँड कोरडा होता, आई. डाव्यातून थेंब थेंब पाणी येत होतं, ते गुप्त्यांनी खाली कापड घालून लपवलं होतं. ते लपवायचं कारणच नव्हतं, ग्लँडमधून थेंब यायलाच हवा. त्या थेंबाने शाफ्ट गार राहतो. उजवा मात्र मुद्दाम आवळलेला. हात लावला तर...” तिने मूठ उघडली. तळहातावर लाल चट्टा उठला होता. “मी नट थोडा सैल केला. पाणी सुटलं आणि शाफ्ट डोळ्यांना दिसेल असा डोलायला लागला. बाहेरचं बेअरिंग गेलंय, कदाचित शाफ्टही वाकलाय. ग्लँड आवळून त्याला नुसता धरून ठेवला होता.”

“परवानगीशिवाय हात लावला!” गुप्ते उसळले. “चालत्या बोटीत! काही झालं असतं म्हणजे?”

“तुमचा नंबर आमच्यात नाही, गुप्ते,” मी म्हटले. “वृंदा, दोष सांगितलास. मत सांग.”

“बोट घ्यावी.”

हे मला अपेक्षित नव्हते. मुकुंदालाही नव्हते.

“इंजिनं निर्मळ आहेत,” ती म्हणाली. आता तिचा आवाज ठाम झाला होता. “अशी इंजिनं पुन्हा मिळणार नाहीत. शाफ्ट बदलता येतो. यांनी बोट पाण्याबाहेर स्लिपवेवर ओढावी, आमच्यासमोर पंखा काढावा, शाफ्ट आणि बेअरिंग नवं घालून द्यावं, मग आम्ही पुन्हा समुद्रात नेऊन बघू. हिचा आजार आपल्याला कळलाय, आई. दुसऱ्या बोटीचा कळेपर्यंत पूल उघडेल.”

मग मुकुंदाची पाळी. तो खाली पाहत म्हणाला, “घ्यावी. पण... वृंदा म्हणते तशी.” बायकोपुढे असे बोलायला पुरुषाला काय लागते ते मला ठाऊक आहे. माझ्या यजमानांना ते जमायला बराच काळ लागला होता.

“इब्राहिम?”

“इंजिनाला दोष नाय, काकी. पन ज्यानं एक झाकलंन, तो दुसरंबी झाकल. माजं मन घेत नाय. नको.”

खरे सांगते, माझेही मत तेच होते. लबाडी करणाऱ्याच्या दारातून उठून जावे, ही शिरधनकरांची रीत. माझा शब्द तयार होता. मी वृंदाला विचारले, “आणि मी नको म्हटलं तर?”

ती आता माझ्याकडे वळली. “तर तो अखेरचा शब्द, आई. पण माझी पाळी पहिली होती आणि मी बोलले. तुम्ही नको म्हटलंत म्हणून माझं मत बदलणार नाही.”

घरात आजवर मला कोणी असे म्हटले नव्हते; आमच्या यजमानांनीही नाही.

आता सांगायला हरकत नाही. कोरडा ग्लँड मी टॉर्चच्या पहिल्याच फेरीत पाहिला होता. बोट लावून त्याचा चटकाही घेतला होता. तो नट मला सैल करता आला असता, किंवा वर येऊन गुप्त्यांची फजिती करता आली असती. पण ती लाँच तात्यांची होती, मग यजमानांची, मग माझी, आणि पुढे कोणाची, हे ठरवल्याशिवाय मी परत जाणार नव्हते. मुकुंद माझा मुलगा. पुढे सारे त्याचेच, हे गावाने केव्हाच गृहीत धरले होते. मी धरले नव्हते. म्हणून टॉर्च तिच्या हाती दिला आणि वर जाऊन शहाळे प्यायले. ती पाना उचलेल का, हे मला पाहायचे होते. उचलून ती माझ्यापुढे उभी राहील, हे मी धरून चालले नव्हते.

मी उठले. तिच्या उजव्या तळहातावर तो चट्टा होता म्हणून काठी डाव्या हातात दिली, पाना काढून घेऊन.

“माझं मत इब्राहिमसारखं,” मी म्हटले. “नको. आता काठी तुझ्याकडे आहे. शेवटचा शब्द तुझा.”

ती काठीकडे पाहतच राहिली. “आई, मी... तुमच्यासमोर...”

“समोर नाही, माझ्यानंतर. माझं बोलून झालं. गुप्ते थांबलेत.”

“आणि मी, आई?” मुकुंद हळूच म्हणाला.

“तुला बोटी सापडतात, बाळा. हिला त्या ऐकू येतात. दोघांचं काम आहे.”

वृंदाने काठी छातीशी धरली, गुप्त्यांकडे वळली आणि गिरणीवाल्याच्या मुलीच्या आवाजात म्हणाली, “स्लिपवे कुठला ते सांगा. पंखा काढताना मी स्वतः हजर असेन.”

गोव्याची पार्टी आली की नाही, मी पाहिले नाही. मी शहाळ्यातली मलई मागवली होती.

पूल उघडला त्या दिवशी ती बोट आमच्या खाडीत नांगरलेली होती, उजव्या शाफ्टखाली थेंब थेंब पाणी घेत. इब्राहिम अखेरपर्यंत तिच्या सुकाणूवर होता आणि अखेरपर्यंत तिला शिव्या देत होता. आता शिरधनकरांच्या तीन बोटी आहेत, आणि खलाशांच्या घरांतली पोरे त्यांच्यावर काम करतात.

गेल्या दिवाळीनंतर एक नवे इंजिन तपासायला मला खुर्चीतून उचलून खाली नेले. काठी वृंदाच्या हाती होती. नातीने मत दिले, मुकुंदाने दिले, मग माझी पाळी आली. मी तासभर ऐकले होते. मी स्पष्ट सांगितले, “हे घेऊ नका.”

वृंदाने माझे सारे बोलणे मान खाली घालून ऐकून घेतले. मग माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “घ्यायचं.”

इंजिन उत्तम चालले आहे.